शहरातली वाहतूक कोंडी आणि मोटारींचा वापर कमी करणारी सरकारी धोरणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोंडीवरच्या उपायांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी मुळातल्या गोष्टी, मग पार्किंग, बस आणि शुल्क, शेवटी अपवाद आणि अडचणी. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोंडी होते ती गाड्या जास्त झाल्यामुळे की बेशिस्तीमुळे?

दोन्हींमुळे, पण बेशिस्त संपली तरी कोंडी संपत नाही. अडथळा नसलेल्या एका लेनमधून तासाला साधारण १,८०० ते २,००० मोटारी जाऊ शकतात. सिग्नलच्या रस्त्यावर हिरवा दिवा निम्माच वेळ मिळत असेल, तर हजाराच्या आसपास. या मर्यादेच्या थोडं अलीकडेपर्यंत वेग बरा असतो. मर्यादा ओलांडली की रांग मागे मागे सरकत आधीच्या चौकात शिरते, तिथली आडवी वाहतूकही अडते आणि अख्ख्या परिसराचा वेग कोसळतो.

धोरणाच्या दृष्टीने याची उलट बाजू मोलाची आहे. गर्दीच्या तासात थोड्या गाड्या कमी झाल्या, तरी रांगा त्याहून बऱ्याच जास्त घटतात. स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये २००६ साली शहराच्या मध्यभागी मोटारीने ये-जा करण्यावर शुल्क लावलं (प्रश्न ९). त्यामुळे त्या भागाची हद्द ओलांडणारी वाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली, तर रांगेत जाणारा वेळ ३० ते ५० टक्क्यांनी.

बेशिस्तीचा मोठा वाटा रस्त्यावर उभ्या गाड्यांचा असतो. दुसऱ्या रांगेत पाच मिनिटं थांबलेली एकच मोटार पूर्ण लेन बंद करते. त्याबद्दल प्रश्न ७ पाहा.

२. म्हणजे सगळ्यांनी मोटारी विकायच्या का?

नाही. वरचा स्टॉकहोमचा आकडा पुन्हा पाहा : पाचातली एक फेरी कमी झाली, बाकीच्या चार चालूच राहिल्या, आणि त्या चौघांचाही वेळ वाचला. धोरणाचा रोख गर्दीच्या तासांतल्या, दुसरी सोय असलेल्या फेऱ्यांवर असतो.

३. रस्ता रुंद केला, उड्डाणपूल बांधला तर प्रश्न सुटत नाही का?

काही महिने सुटल्यासारखा वाटतो. मग तीन गोष्टी घडतात. कोंडी टाळायला लवकर किंवा उशिरा निघणारे पुन्हा सोयीच्या वेळी निघतात, आडवाटेने जाणारे मुख्य रस्त्यावर परततात आणि बस किंवा ट्रेनने जाणारे काही जण मोटार काढतात. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडलं होतं. पुढे २०११ साली जील ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून दाखवलं, की महामार्गांच्या लेनची लांबी जितकी वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचे किलोमीटर वाढतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ मध्ये रुंद करून पूर्ण झाला, काही टप्प्यांत बाजूच्या सेवारस्त्यांसह तब्बल २६ लेन. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

शहरातल्या उड्डाणपुलाची अडचण आणखी साधी आहे. तो एक चौक ओलांडून देतो आणि सगळ्या गाड्या पुढच्या चौकात एकदम उतरवतो. पुढच्या चौकाची क्षमता मोजल्याशिवाय मंजूर झालेला पूल म्हणजे कोंडीचं स्थलांतर.

बांधकाम कधीच करू नये, असा याचा अर्थ नाही. रेल्वे फाटक ओलांडणारा पूल, नदीपलीकडच्या वस्तीला जोडणारा एकमेव दुवा, अर्धवट राहिलेला बाह्यवळण मार्ग यांची गरज खरी असते. फक्त पहिल्याच दिवसापासून त्यावर बससाठी लेन राखून ठेवावी. नंतर ती मागून मिळत नाही.

४. मग रस्ता अरुंद केला तर कोंडी दुप्पट होणार ना?

अपेक्षेइतकी होत नाही, कारण प्रश्न ३ मधल्या तिन्ही गोष्टी उलट्या दिशेनेही घडतात. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात चोंगेचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता २००३ साली पाडायला घेतला. त्यावरून रोज दीड लाखाहून जास्त वाहनं जात. २००५ मध्ये तिथे ओढा मोकळा झाला आणि शहर ठप्प झालं नाही. मात्र मधल्या काळात, जुलै २००४ मध्ये, सोलने बसमार्गांची पूर्ण फेररचना केली होती आणि रस्त्याच्या मध्यभागी बसच्या लेन आखल्या होत्या. हे दुसरं काम न करता नुसता रस्ता कमी केला, तर लोक अडकतात आणि योग्यच चिडतात.

५. कोणत्या साधनाने एका लेनमधून किती लोक जातात?

शहरी रस्त्याची साधारण तीन मीटरची लेन धरली, तर खासगी मोटारींतून तासाला ६०० ते १,६०० माणसं, राखीव बसलेनमधून ४,००० ते ८,०००, सुरक्षित सायकल मार्गावरून ७,००० च्या आसपास आणि तेवढ्याच रुंदीच्या पदपथावरून ८,००० ते ९,०००. मोटारीचा आकडा इतका खाली असण्याचं कारण म्हणजे कामावर जाणाऱ्या मोटारीत सरासरी दोन माणसंही नसतात.

म्हणून कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल वाचताना तासाला किती वाहनं जातील हा आकडा बाजूला ठेवावा आणि किती माणसं जातील हे विचारावं. हा एक प्रश्न विचारला, की बरेच प्रकल्प लंगडे पडतात.

६. सुरुवात कुठून करावी? आधी बस सुधारायची की आधी शुल्क लावायचं?

आधी बस आणि पार्किंग, मग शुल्क. पण ‘बस पूर्ण सुधारल्यावर पाहू’ म्हणून शुल्क लांबवलं, तर दोन्ही राहून जातं. कोंडीत अडकलेली बस कितीही नवी असली, तरी संथच धावते. व्यवहारात चालणारा क्रम असा :

- गर्दीच्या मार्गांवर राखीव बसलेन आखणं आणि सिग्नलच्या वेळा नव्या मोजणीनुसार लावणं. रंग, दुभाजक आणि कॅमेरे एवढंच लागत असल्याने हे काही महिन्यांत होतं.
- मध्यवर्ती भागातलं रस्त्यावरचं मोफत पार्किंग बंद करणं.
- शुल्काचा कायदेशीर अधिकार शहराला मिळवून देणं. सर्वात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून हे काम पहिल्याच दिवशी सुरू करावं.
- शुल्क सुरू होण्याच्या दिवशी किंवा त्याआधी जादा बस रस्त्यावर आणणं. लंडनने २००३ मध्ये त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बस उतरवल्या. स्टॉकहोमने जादा बससेवा शुल्काच्या काही महिने आधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, सुरू केली होती.

७. पार्किंगचे दर किती असावेत?

ठरावीक आकडा नसतो, ठरावीक परिणाम असतो : कोणत्याही वेळी त्या गल्लीतल्या साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि एक-दोन रिकाम्या. जागा कायम भरलेल्या असतील तर दर कमी आहे, आणि जागा शोधत फिरणाऱ्या गाड्या कोंडीत भर घालत आहेत. अर्ध्या रिकाम्या असतील तर दर जास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून हेच केलं. जागांमध्ये सेन्सर बसवले आणि दर काही आठवड्यांनी मीटरचा तासाचा दर २५ सेंटने वाढवला, किंवा २५ ते ५० सेंटने उतरवला. बऱ्याच गल्ल्यांत दर खाली आले, हे मुद्दाम सांगायला हवं. योग्य दर म्हणजे सरसकट महाग दर नव्हे.

सेन्सर नसले तरी चालतं. आठवड्यातले दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा दिवस, दर तासाला गल्लीत फिरून भरलेल्या जागा मोजल्या, की तीन महिन्यांसाठी दर ठरवता येतो.

बिघडतं ते पुढच्या ठिकाणी. वसुलीचा ठेका ठरावीक रकमेला दिला, की ठेकेदार जास्तीत जास्त गाड्या कोंबतो, पदपथावरही. त्याऐवजी त्याला कामाचे पैसे द्यावेत आणि वसुली थेट शहराच्या खात्यात जावी. स्वस्त मासिक पास दिले, की दिवसभर हलत नसलेल्या गाड्या सगळ्या जागा अडवतात. आणि सशुल्क गल्लीच्या शेजारची गल्ली मोफत ठेवली, तर गर्दी फक्त कोपरा वळते.

कचेऱ्यांच्या आवारातलं पार्किंगही मोजता येतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये २०१२ पासून १० पेक्षा जास्त पार्किंग जागा देणाऱ्या मालकांना दर जागेमागे वार्षिक कर भरावा लागतो. त्यातून ट्रामचा विस्तार झाला.

८. नव्या इमारतीला भरपूर पार्किंग सक्तीचं केलं तर रस्ते मोकळे होतील ना?

आपापल्या जागी उभ्या असताना त्या गाड्या रस्ता अडवत नाहीत, पण सकाळी नऊ वाजता त्या सगळ्या रस्त्यावरच येतात. वाहनमार्ग आणि वळण धरून एका मोटारीला २५ ते ३० चौरस मीटर बांधकाम लागतं. तो खर्च घराच्या किमतीत मिसळतो आणि मोटार नसलेल्यालाही भरावा लागतो. लंडनने २००४ मध्ये किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली. मेक्सिको सिटी आणि अमेरिकेतलं बफेलो यांनी २०१७ मध्ये किमान अट रद्द केली.

अट काढताना रस्त्यावरच्या पार्किंगचं नियंत्रण आधीच हातात हवं, नाहीतर गाड्या पदपथावर येतील. जपानने हा धागा दुसऱ्या टोकाने पकडला. १९६२ च्या कायद्यानुसार मोटार नोंदवण्याआधी ती ठेवायला रस्त्याबाहेर जागा असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ज्या शहरांत रात्रभर गल्ल्या मोटारींनी भरलेल्या असतात, त्यांना हा नियम सर्वात उपयोगी आहे.

९. गर्दी-शुल्क म्हणजे नेमकं काय? टोलपेक्षा ते वेगळं कसं?

टोल रस्त्याच्या बांधकामाचा खर्च वसूल करतो आणि दिवसरात्र सारखाच असू शकतो. गर्दी-शुल्काचा हेतू गर्दीच्या जागी, गर्दीच्या वेळी येणाऱ्या गाड्या कमी करणं हा असतो, म्हणून रात्री ते शून्य किंवा नाममात्र असतं.

सिंगापूरने जून १९७५ मध्ये कागदी परवान्यांवर सुरुवात केली : सकाळी साडेसात ते साडेनऊ, दिवसाला ३ सिंगापुरी डॉलर. लगेच साडेनऊनंतर गर्दी उसळली, म्हणून काही आठवड्यांतच वेळ सव्वादहापर्यंत वाढवावी लागली. १९९८ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक वसुली आहे आणि प्रत्यक्ष वेग पाहून दर ठरावीक काळाने बदलले जातात : मुख्य रस्त्यांवर ताशी २० ते ३० किलोमीटर आणि द्रुतगती मार्गांवर ४५ ते ६५ हे लक्ष्य. वेग त्याहून जास्त मिळाला तर दर उतरतो. लंडनने १७ फेब्रुवारी २००३ ला ५ पौंडांनी सुरुवात केली. मिलानने जानेवारी २०१२ मध्ये ५ युरो लावले. न्यूयॉर्कमध्ये ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेकडे गर्दीच्या वेळी मोटारीला ९ डॉलर आणि रात्री २.२५ डॉलर पडतात.

बहुतेक ठिकाणी नाके नाहीत. कमानीवरचे किंवा खांबावरचे कॅमेरे नंबरप्लेट वाचतात. नाका उभारला, की शुल्क स्वतःच कोंडी तयार करतं. नंबरप्लेटा मळलेल्या, वाकड्या किंवा वेगवेगळ्या लिपींत असतील, तर कॅमेऱ्याआधी नंबरप्लेटचा नियम कडक करावा लागतो, नाहीतर चुकीची बिलं जातात आणि योजनेची पत जाते.

१०. लोक विरोध करतात. कुठलं सरकार हे धाडस करणार?

विरोध सुरुवातीआधी सर्वात जास्त असतो, कारण त्रास कल्पनेत दिसतो आणि फायदा दिसत नाही. एडिनबर्गने २००५ मध्ये आणि मँचेस्टरने २००८ मध्ये योजना सुरू करण्याआधीच सार्वमत घेतलं. दोन्हीकडे सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त मतं विरोधात पडली. स्टॉकहोमने क्रम बदलला : जानेवारी ते जुलै २००६ शुल्क लावून दाखवलं, मग बंद केलं, गाड्या परत वाढलेल्या लोकांना दिसल्या आणि सप्टेंबरमध्ये मत घेतलं. शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला. ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायम झालं आणि पाठिंबा नंतर वाढत गेला.

मिलानमध्ये २०१२ साली न्यायालयीन आदेशामुळे काही आठवडे शुल्क थांबलं, तर गाड्या लगेच परतल्या. परिणाम शुल्काचाच होता, याचा असा सरळ पुरावा क्वचित मिळतो.

चाचणी घ्यायची तर किमान सहा महिने घ्यावी. एका आठवड्याच्या चाचणीत लोक सवय बदलत नाहीत, फक्त वैतागतात.

११. हे शुल्क गरिबांवर अन्याय नाही का?

गर्दीच्या वेळी शहराच्या मध्यभागी मोटारीने कोण येतं, हे आधी मोजावं. बहुतेक ठिकाणी कमी उत्पन्नाची माणसं बसने, चालत किंवा सायकलने येतात आणि मोटारींच्या कोंडीत त्यांचीच बस अडकते. मोफत रस्ता हीसुद्धा एक सवलतच आहे आणि तिचा मोठा वाटा मोटार असणाऱ्यांना जातो.

तरीही खरा अन्याय काही जणांवर होऊ शकतो : पहाटेच्या पाळीला जाणारे, जिथे बस पोहोचत नाही तिथे राहणारे, हत्यारं घेऊन फिरणारे कारागीर. त्यांच्यासाठी वेळेनुसार दर आणि उत्पन्नावर आधारित सूट हे उपाय आहेत. सर्वात महत्त्वाचं म्हणजे पैसा कुठे जातो. लंडनमध्ये शुल्काचं निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करण्याचं कायदेशीर बंधन होतं. असं बंधन नसेल, तर विरोध करणाऱ्यांचं बरोबर आहे.

१२. सम-विषम योजना सोपी आहे, तीच का लावू नये?

नंबरच्या शेवटच्या अंकावरून गाडी कोणत्या दिवशी काढायची हे ठरवणारी ही योजना आणीबाणीत, काही दिवसांसाठी कामाची आहे. कायमची केली, की लोक वाट काढतात. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये नंबरच्या शेवटच्या अंकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवायला लावली. अनेकांनी वेगळ्या नंबरची दुसरी, बहुधा जुनी गाडी घेतली. अर्थतज्ज्ञ लुकास डेव्हिस यांच्या २००८ च्या अभ्यासात हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. शिवाय ज्याला आज गाडी अत्यावश्यक आहे आणि ज्याला सहज टाळता येते, त्या दोघांना हा नियम सारखंच अडवतो. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९९८ पासून असलेल्या अशाच बंदीतून पुढे पैसे भरून सूट मिळू लागली. म्हणजे वाट शेवटी शुल्काकडेच वळली.

१३. बसलेन बहुतेक वेळ रिकामी दिसते. ती जागा वाया जात नाही का?

दर मिनिटाला ६० प्रवाशांची एक बस गेली, तर तासाला ३,६०० माणसं जातात आणि तरीही लेन मिनिटातली पन्नासएक सेकंद रिकामी दिसते. शेजारची लेन भरलेली दिसते, पण ती याच्या निम्मी माणसंही नेत नाही (प्रश्न ५).

दुसरा फायदा हिशेबातला आहे आणि तो फार कमी लोकांना सांगितला जातो. जाऊन-येऊन, टर्मिनसवरच्या थांब्यासह फेरी १२० मिनिटांची असेल, तर १२ बसमध्ये दर १० मिनिटांनी बस मिळते. लेनमुळे फेरी ९० मिनिटांवर आली, तर त्याच १२ बस आणि तेच चालक दर साडेसात मिनिटांनी बस देतात. एकही नवी बस न घेता सेवा एक तृतीयांशाने वाढली.

लेन फसते ती बहुधा चौकाआधी. वळणाऱ्या गाड्यांसाठी शेवटचे शंभर मीटर लेन तोडली, की बस नेमकी तिथेच अडकते. पदपथालगतची लेन उभ्या गाड्या आणि मालाच्या टेम्पोंमुळे बंद पडते. शक्य तिथे ती मध्यभागी न्यावी, पण मग थांब्यापर्यंत रस्ता सुरक्षित ओलांडण्यासाठी सिग्नल हवाच. आणि तासाला आठ-दहाच बस जात असतील, तर लेन आखण्याआधी फेऱ्या वाढवाव्यात, नाहीतर लोकांचा राग रास्त ठरतो.

१४. बस मोफत केली तर मोटारी कमी होतील का?

थोड्याच. एस्टोनियातल्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये आपल्या रहिवाशांसाठी आणि लक्झेंबर्गने २०२० मध्ये सगळ्यांसाठी प्रवास मोफत केला. अशा योजनांत नवे प्रवासी बऱ्याच अंशी आधी चालणारे असतात. मोटारवाल्याला भाड्यापेक्षा वाट पाहण्याचा वेळ आणि खात्री जास्त महत्त्वाची वाटते. तेवढाच पैसा फेऱ्या वाढवण्यात घातला, तर कोंडीवर परिणाम जास्त होतो. मोफत प्रवासाची इतर चांगली कारणं आहेत. विद्यार्थी, वृद्ध आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं यांच्यासाठी तो जरूर द्यावा.

१५. इलेक्ट्रिक मोटारी, टॅक्सी आणि दुचाकींना गर्दी-शुल्कातून सूट द्यावी का?

इलेक्ट्रिक मोटार धूर सोडत नाही, पण जागा तेवढीच घेते. लंडनने अशा मोटारींची पूर्ण सूट डिसेंबर २०२५ मध्ये बंद केली. टॅक्सीबाबत लंडनचा अनुभव जास्त बोलका आहे. ॲपवरून बोलावायच्या खासगी टॅक्सींना सूट होती, त्यांची संख्या वाढत गेली आणि एप्रिल २०१९ मध्ये सूट काढावी लागली. नियम सोपा ठेवावा : रस्त्यावर जागा घेणारं प्रत्येक वाहन मोजायचं, आणि टॅक्सीला हवं तर फेरीमागे शुल्क लावायचं.

दुचाकींचा निर्णय शहरानुसार बदलतो. लंडनमध्ये त्या मोफत आहेत, न्यूयॉर्कमध्ये मोटारीच्या निम्मं शुल्क आहे. जिथे दुचाकींचं प्रमाण आधीच मोठं आहे, तिथे पूर्ण सूट दिली तर मोटारी सोडून लोक बसऐवजी दुचाकीवर जातात, आणि अपघातांचा धोका वाढतो. तिथे कमी, पण शून्याहून जास्त दर ठेवावा.

१६. शुल्काच्या हद्दीच्या आत किंवा अगदी काठावर राहणाऱ्यांचं काय?

आत राहणाऱ्यांना मोठी सवलत दिली, की हेतू बुडतो. लंडनने २००७ मध्ये हद्द पश्चिमेकडे वाढवली, तेव्हा तिथल्या रहिवाशांना ९० टक्के सूट मिळाली आणि ते जवळजवळ फुकटात मध्यवर्ती भागात मोटार आणू शकले. हा विस्तार २०१० च्या अखेरीस रद्द झाला.

काठावरच्या गल्ल्यांत लोक गाडी लावून पुढे चालत जातात. योजना सुरू होण्याआधीच हद्दीबाहेर साधारण एक किलोमीटरच्या पट्ट्यात रहिवासी-परवाना पार्किंग लागू करावं. हद्द आखताना रिंगरोड बाहेर ठेवावा, म्हणजे नुसतं पलीकडे जाणाऱ्याला मोकळी वाट राहते. रुग्णालय आत येत असेल, तर रुग्णांच्या परताव्याची पद्धत आधी ठरवावी.

१७. गल्ल्यांमधून आरपार जाणारी वाहतूक बंद केली तर रुग्णवाहिका आणि मालाच्या गाड्या कशा येणार?

बंद होतो तो आरपार रस्ता, पोहोच बंद होत नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराने एप्रिल २०१७ मध्ये शहराचा गाभा अशा भागांत विभागला, की एका भागातून दुसऱ्यात मोटारीने जायचं तर बाहेरच्या रिंगरोडवरून जावं लागतं. प्रत्येक दारापर्यंत गाडी जाते. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी कुलूपबंद खांबांऐवजी कॅमेऱ्याचे अडथळे वापरावेत आणि त्यांच्या गाड्यांची यादी आधीच नोंदवावी. अपंग व्यक्तींची सूट गाडीच्या नव्हे, व्यक्तीच्या नावावर असावी, कारण ते बऱ्याचदा दुसऱ्याच्या गाडीने जातात. मालासाठी दर गल्लीत १५-२० मिनिटांची चढउताराची जागा आणि सकाळी ठरलेली वेळ द्यावी. ती जागा नसेल, तर टेम्पो बसलेनमध्येच थांबणार.

१८. लंडनमध्ये कोंडी परत आली म्हणतात. मग शुल्क फसलं का?

सुरुवातीला कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि काही वर्षांत वेग पुन्हा मंदावला, हे खरं आहे. हद्दीत येणाऱ्या मोटारी मात्र कमीच राहिल्या. रस्त्यांची खोदकामं झाली, पादचारी आणि बससाठी जागा वाढली आणि प्रश्न १५ मधल्या टॅक्सी आल्या. शिवाय दिवसाला एकच दर असल्याने एकदा पैसे भरलेली गाडी दिवसभर फिरू शकते. सिंगापूरसारखे वेळेनुसार बदलणारे दर तिथे अधिक टिकाऊ ठरले असते.

शुल्काने मोकळी झालेली जागा पहिल्याच वर्षी बसलेन, सायकल मार्ग किंवा रुंद पदपथ करून वापरात आणावी. मोकळी सोडली, तर ती मोटारींनीच भरते.

१९. शहराने आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या आहेत. काय लिहावं?

मतापेक्षा मागणी लिहा, आणि एका हरकतीत एकच मुद्दा. विचारण्यासारखं हे : गर्दीच्या तासात आज किती माणसं जातात आणि प्रकल्पानंतर किती जातील? पुढच्या दोन चौकांची मोजणी झाली आहे का, कोणत्या महिन्यात? शाळांच्या सुट्टीतली मोजणी ग्राह्य धरू नका, असं स्पष्ट लिहा. बसचा सरासरी वेळ आणि वीस फेऱ्यांतल्या सर्वात वाईट फेरीचा वेळ, हे दोन्ही जाहीर होणार का? कारण लोक घरून निघताना सर्वात वाईट दिवसाचा हिशेब करतात. सवलतींची यादी कोणती आणि तिचा फेरआढावा कधी? शुल्काचा पैसा कोणत्या खात्यात जमा होईल? गल्लीचा नकाशा जोडा, त्यावर उभ्या गाड्या, तुटलेला पदपथ आणि बसथांबा खुणेने दाखवा. मुदतीच्या आत लेखी द्या, शिक्क्यासह पोच घ्या आणि सुनावणीची तारीख त्याच वेळी विचारून ठेवा.